विहिरींची लेक

शेळगावच्या विहिरींचं पाणी कधी किती चढलं, किती उतरलं, ते सगळं एका काळ्या पेटीत साठलेलं होतं. बारामतीच्या कॉलेजातल्या सुधाताईंनी शेतकऱ्यांच्या जोडीनं जमवलेली ती माहिती जगातल्या कुणाही संशोधकाला वेबसाइटवर फुकट पाहता यायची. अनुदान संपलं तसं कॉलेजनं बजावलं, पेटीतला सर्व्हर एकदा जरी बंद पडला तर वेबसाइट कायमची बंद. सुधाताई पेटी घेऊन शेळगावात आल्या.

शेळगावकर मात्र हसले. "उसाच्या पाण्याला पाळी लावतो, तशी हिलाबी लावू की," कुंडलिकराव म्हणाले. तेव्हापासून पेटी महिना-महिना एकेका घरी नांदू लागली. नेताना आतली बॅटरी तासभर पुरायची. लोक तिला लेक म्हणायचे, आणि लाड तर विचारू नका.

मग भिगवणला लग्न निघालं. अख्खं गाव दोन दिवस तिकडंच. पंगतीत सुधाताई सगळ्यांना मोबाइल दाखवत होत्या. ब्राझीलमधून कुणी आपल्या विहिरी बघत होतं. कुंडलिकरावांची छाती फुगली.

"लेक रमली का तुमच्याकडं?" आधीच्या पाळीच्या कुशाबाईंनी त्यांना विचारलं.

"आमच्याकडं कुठं? तुमच्याच घरात हाय न्हवं?"

"अवं, तुमी न्यायला येणार म्हणून म्या कालच तार काढून बांधून ठिवली."

सुधाताईंचा घास हातातच राहिला. वेबसाइट तर चालू होती. आज सकाळच्या नोंदीही आल्या होत्या. विहिरी मोजणारी माणसं सगळी पंगतीत बसलेली.

तिघं जीपनं शेळगावात आले तेव्हा लख्ख दुपार होती. कुशाबाईंच्या दाराचं कुलूप जसंच्या तसं. आत पाटावर हिरव्या खणात बांधलेली पेटी, बाजूला गुंडाळलेली तार.

सुधाताईंनी हात लावला. पेटी गरम होती.

"बंद पडली नाही हो," त्या म्हणाल्या आणि रडता रडता हसल्या. तिघांनाही हसू आवरेना. जीव भांड्यात पडला होता.

शेळगावात लेक रिकामी धाडत नाहीत. पेटी निघाली की तिचीही ओटी भरायची, तांदूळ आणि कुंकू लावलेला नारळ. कुशाबाईंनी गाठ सोडली.

नारळ दोन निघाले.

"म्या एकच घातला व्हता."

"मंजी मधी कुणाच्या तरी घरी नांदून आली की ही," कुंडलिकराव हसत म्हणाले आणि त्यांनी दुसरा नारळ उचलला.

कुंकू त्यांच्या बोटांना लागलं. अजून ओलं होतं.