आतल्या बाकांवर

दत्ताजी लोंढे जाऊन महिना झाला, तरी धारच्या चर्चमध्ये त्यांची स्मरण-उपासना होणार नाही, असं कमिटीने ठरवलं. आत चुनाकाम चाललंय, एवढंच कारण कळवलं.

विनीताला हे आईने फोनवर सांगितलं. विनीता देवासच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. तपासून पाहिल्याशिवाय काही मानायचं नाही, ही तिची जुनी खोड.

"रविवारी कुठे असतं चुनाकाम, आई?"

"नसतंच," कुसुमावतीबाई म्हणाल्या. "तुझ्या पप्पांचं नाव घ्यायचं नाहीये त्यांना."

दत्ताजी वीज खात्यात लाइनमन होते. लोंढ्यांचे पूर्वज धारच्या दरबाराचे तंबू शिवायला दक्षिणेतून आलेले. दत्ताजींचे आजोबा ख्रिस्ती झाले. आता चर्चमधली उपासना हिंदीत चाले, पण दत्ताजी प्रार्थना मराठीतच करत, आणि खणखणीत आवाजात. मुलीला सायकलच्या दांडीवर बसवून नालछ्याच्या रस्त्याने ते भजनं म्हणत निघाले, की लोक वळून बघत.

चर्चमागे जुनं कबरस्तान होतं. कधीकाळच्या साथीत गेलेली माणसं, मिशनच्या अनाथालयातली मुलं. दगडांवर नावंही उरली नव्हती. कमिटीचे अध्यक्ष उमाशंकर यांना तिथे दुकानं काढायची होती. जेसीबी आला त्या दिवशी दत्ताजी घरून खुर्ची घेऊन आले आणि वाटेतच बसले.

"कोणाच्या आहेत, भिया, या कबरी? विचारणारा तरी कोणी आहे का?" उमाशंकर म्हणाले होते.

"मी विचारतोय ना," दत्ताजी म्हणाले.

जेसीबी परत गेला. त्यानंतर दत्ताजींना वेदीवरचं बायबल-वाचन मिळालं नाही, कमिटीवाले त्यांच्याशी बोलेनासे झाले. तरी एक रविवार चुकला नाही. शेवटच्या बाकावर बसून ते सगळ्यांच्या वर गात, आणि संध्याकाळी मागे जाऊन कबरींवरचं गवत काढत. त्या गवतातच ते गेले, हातात खुरपं होतं.

रविवारी सकाळी विनीता आली तेव्हा चर्चच्या दाराला कुलूप होतं. पायऱ्यांवर थोडी मंडळी घुटमळत होती. उमाशंकर फाटकापाशी किल्ल्या हातात धरून उभे.

"इथेच करू या," विनीता म्हणाली आणि तिने ओसरीवर सतरंजी अंथरली.

"बेटा, तमाशा मत कर. कुलूप उगाच नाही लावलेलं."

"कुलूप दाराला आहे काका, माझ्या तोंडाला नाही."

ती दाराला पाठ करून उभी राहिली. ऊन चढलं होतं, ओल्या चुन्याचा वास येत होता. पप्पा कसे होते ते तिने सांगितलं. जेसीबी, खुर्ची, गवत, काही गाळलं नाही. उमाशंकर मान वळवून ऐकत होते. मग कुसुमावतीबाईंनी पप्पांची प्रार्थना सुरू केली, मराठीत. प्रार्थना संपली. मंडळी "आमेन" म्हणाली.

किंचित उशिराने आतूनही "आमेन" आलं.

प्रतिध्वनी, विनीताने मनाशी म्हटलं. रिकामी इमारत, उंच छत. तिने भजन धरलं. पाठीमागून सूर येऊ लागला. दाट, पुष्कळ गळ्यांचा. ओसरीवरची माणसं एकमेकांकडे बघू लागली.

तपासायला हवं होतं. विनीताने कडव्याच्या मध्येच हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

आतलं गाणं चालूच राहिलं.

सावकाश, नीट ताल धरून ते कडव्याच्या शेवटापर्यंत गेलं. त्यात लहान मुलांचे आवाज होते. मग बाकं करकरली, एकदम पुष्कळ माणसं उठावीत तशी.

कोणीतरी पायऱ्या उतरून पळालं. विनीता हलली नाही. "पुढचं कडवं," ती आईला म्हणाली, आणि दोघींनी ते म्हटलं. आतूनही.

"आत माणसं घुसवलीस!" उमाशंकर धावत आले. कुलूप काढून त्यांनी दारं ढकलली.

आत कोणी नव्हतं. मागचं दार विटांनी बुजवलेलं होतं. फरशीवर चुन्याची पांढरी भुकटी पसरली होती, सलग, एकही पाऊल न उमटलेली. भुकटी बाकांवरही होती. पण बसायच्या जागा पुसल्या गेल्या होत्या. प्रत्येक बाकावर, शेजारी शेजारी. पुढच्या बाकांवर त्या जागा लहान होत्या, दाटीवाटीने केलेल्या.

उमाशंकरांनी पहिल्या बाकावर तळहात टेकला आणि झटकन मागे घेतला.

"गरम है," ते पुटपुटले.

ते बाहेर आले, दार ओढू लागले. ते अर्ध्यावर थांबलं. त्यांनी खांदा लावला. दार अडकलं नव्हतं. जरा हलत होतं, पुन्हा हळूच उघडत होतं, मागून येणाऱ्यांसाठी कोणी ते धरून ठेवल्यासारखं.

विनीताने त्यांच्या हातातून किल्ल्या काढून घेतल्या.

"राहू द्या काका. अजून सगळे बाहेर आले नाहीत."

कोणी सांगितलं नव्हतं, तरी ओसरीवरची माणसं दोन बाजूंना सरकली आणि मधे पायऱ्यांपर्यंत वाट झाली.

ती बराच वेळ मोकळी ठेवावी लागली.