गिरणीतली लाल धूळ

योगेशला खरं तर शेजारच्या दुकानात जायचं होतं. कोप्पीकर रोडवरच्या त्या जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, कॉम्प्युटर दुरुस्तीची दोन दुकानं होती. शेजारचे त्या दिवशी लग्नाला गेले होते. म्हणून मग खांद्यावरचा कॉम्प्युटरचा काळा डबा सावरत तो वनिताच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दुरुस्त करणारे कुठं गेलेत ओ?"

"समोर बसलेत," वनिता म्हणाली.

त्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा दारावरच्या पाटीकडं. 'वनिता शिंत्रे' हे नाव मनातल्या मनात वाचलं असावं, कारण ओठ किंचित हलले. मग त्यानं डबा तिच्या टेबलावर ठेवला.

उंच, सावळा, अंगात पांढरा शर्ट. म्हणजे कधीकाळी पांढरा असलेला. आता त्यावर फिकट तांबूस झाक होती, आणि तीच झाक त्याच्या पापण्यांवरही. वीटभट्टीवाला असेल, वनितानं अंदाज बांधला. तिचे अंदाज सहसा चुकत नसत, निदान तिचं तरी तसं मत होतं.

"चालता चालता बंद पडतो," तो म्हणाला. "पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा."

तिनं चार स्क्रू काढले, बाजूचा पत्रा सरकवला आणि सवयीप्रमाणं ब्लोअर हातात घेतला.

"थांबा, त्यात –"

उशीर झाला होता. दुकानभर एक लाल ढग उठला... आणि पुढच्या क्षणी वनिताच्या नाकाडोळ्यांत जाळ झाला. विटांची धूळ नव्हती ती. मिरची होती.

ती शिंकली. पुन्हा शिंकली. सात वेळा. डोळ्यांतून धारा लागल्या. समोरून एक रुमाल पुढं आला, तिनं तो घेतला, पण लगेच आवाज आला, "डोळ्याला नका लावू. तोपण गिरणीतलाच आहे."

तो धावत खाली गेला आणि पाण्याची थंडगार बाटली आणि ताकाचे दोन पेले घेऊन आला. चेहरा धुऊन, ताक पिऊन वनितानं डोळे उघडले, तेव्हा तो समोर अगदी अपराधी चेहऱ्यानं उभा होता. त्याला एकही शिंक आली नव्हती.

"तुम्हाला काही होत नाही?"

"जन्मच त्यात गेला," तो म्हणाला. "जुन्या हुबळीत आमची मिरचीची गिरणी आहे. सांगायला गेलो, पण तुम्ही फार चपळ."

वनिताला हसू आलं. डोळे अजून झोंबत होते, तरी आलं.

डब्यातला पंखा मिरचीपुडीनं पार जाम झाला होता. हवा फिरत नाही, आतलं तापतं, तापलं की बंद पडतं. साधी गोष्ट. तिनं सगळं ब्रशनं झाडलं, पुसलं, डबा सुरू करून दाखवला. तो खूश होऊन निघाला, तेव्हा तीच म्हणाली, "परत पंधरा दिवसांनी याल. मी कॉम्प्युटर साफ केला, गिरणी नाही. तो ठेवलाय कुठं, ते बघायला पाहिजे."

"या की," तो म्हणाला. आणि जिन्यावरून परत दोन पायऱ्या वर येऊन, "उद्याच या."

दुसऱ्या दिवशी तिनं पाहिलं, तर कॉम्प्युटर चक्क दळणाच्या चक्कीपासून चार हातांवर, जमिनीवर ठेवलेला. फेब्रुवारीचे दिवस, हंगाम भरात. पोत्यांतून ब्याडगी मिरच्या उतरत होत्या आणि सगळी हवाच लाल होती. या कॉम्प्युटरवर योगेश पाकिटांची लेबलं छापायचा. कलघटगीच्या बायकांचा एक गट होता, त्यांची मिरची इथं दळली जायची आणि त्यांच्या नावानं दुकानांत जायची. लेबलावर तारीख, नाव नसेल तर दुकानदार पाकीट परत पाठवायचे. गेल्या खेपेला दोनशे पाकिटं परत आली होती.

"अठरा बायका आहेत," योगेश म्हणाला. "पहिल्यांदाच त्यांचं नाव कुठंतरी छापून आलंय. लक्ष्मीअक्कांनी तर पहिलं लेबल देव्हाऱ्यात ठेवलंय. त्यांना परत-परत काय सांगू, मशिन बंद आहे म्हणून?"

वनितानं बाह्या सरसावल्या. डबा जमिनीवरून उचलून, पुन्हा झाडून, पलीकडच्या खोलीत, उंच टेबलावर नेला. नको त्या फटी चिकटपट्टीनं बंद केल्या. पुढच्या बाजूला हवा आत घेणारे दोन पंखे लावले, त्यांच्यापुढं बारीक जाळी, आणि मागं हवा बाहेर सोडणारा एकच पंखा.

"पुढं दोन, मागं एक. असं का?" योगेशनं विचारलं. तो मघापासून टॉर्च धरून उभा होता. टॉर्चचा उजेड कधी डब्यात पडायचा, कधी तिच्या हातांवर.

"आत जास्त हवा घेतली की ती फटीफटीतून बाहेर पडायला बघते. मग धुळीला आत शिरायला वाटच राहत नाही. जी हवा आत यायची, ती जाळीतून गाळूनच येते. टॉर्च इकडं."

"इकडंच आहे."

"डब्यावर धरा. माझ्यावर नको."

उजेड मुकाट्यानं डब्यावर गेला.

"अक्का, च्या घ्या," म्हणत गिरणीतला म्हातारा कामगार सटवाजी कप ठेवून गेला. वनितानं घोट घेतला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "गिरणीत सगळे मला अक्का म्हणतात. तुम्ही नाही म्हणत."

"नको," योगेश म्हणाला. एवढंच. आणि पोती मोजायला निघून गेला... पोती सकाळीच मोजून झाली होती.

जाताना तिनं ठणकावून सांगितलं, "शंभर दिवस काही होणार नाही. झालं तर पाटी उतरवीन."

"पाटी राहू द्या," तो म्हणाला. "वाचायला बरी वाटते."

पण बाविसाव्या दिवशी फोन आला. कॉम्प्युटर धापा टाकत होता. वनिता गेली, पाहते तर पुढची जाळीच नाही. योगेश म्हणाला, मला माहीत नाही. तिनं नवी जाळी बसवली. नऊ दिवसांनी परत फोन. परत जाळी गायब. योगेश परत म्हणाला, मला माहीत नाही, आणि या वेळी त्याच्या हातात तिच्यासाठी ताकाचा पेला आधीच तयार होता.

परतताना रिक्षात वनिता एकटीच हसली. गिरणीत कंत्राटी माणसं नाहीत, त्या खोलीत बाहेरचं कुणी येत नाही, जाळीला पाय फुटत नाहीत. मग काय ते उघडच होतं. साधा दिसतो, पण आहे हुशार, तिनं ठरवून टाकलं. आणि तिसऱ्या वेळी फोन आला, तेव्हा तिनं मोरपंखी कुर्ता घातला, जो गिरणीत घालायचा अजिबात नव्हता.

जाळीच्या रिकाम्या जागेकडं तिनं एकदा पाहिलं, मग वळून सरळ योगेशकडं.

"एक विचारू?"

"विचारा की."

"मला बोलवायचंच होतं, तर जाळी कशाला काढायची? कॉम्प्युटरचं काय चुकलं त्यात?"

योगेशचा चेहरा अगदी कोरा झाला. एवढ्यात मागच्या दारातून त्याच्या आई, जनाबाई, पदराला हात पुसत आत आल्या. त्यांच्या हातात ती जाळी होती. स्वच्छ धुतलेली.

"ही घे ग पोरी. आधीच्या दोन घासता-घासता फाटल्या, ही जपून धुतली. आज ऊन जरा कमी होतं, वाळायला येळ लागला. तू त्या दिवशी डबा झाडलास ते बघितलं मी. म्हटलं, येवढी घाण बसते, तर जाळी रोज धुवावी." आणि मग काळजीनं, "काय चुकलं काय माझं?"

चक्कीचा आवाज त्या क्षणी वनिताला फार जवळचा वाटला, कारण तो नसता तर खोलीत अगदी शांतता पडली असती. कान तापले होते. आयुष्यात पहिल्यांदाच तिचा अंदाज असा भर दिवसा, दोन माणसांसमोर, सपशेल आपटला होता.

तरी ती डगमगली नाही. जनाबाईंना तिनं शेजारी बसवून घेतलं. जाळी उन्हात असते तेवढ्या वेळात धूळ कशी आत जाते ते दाखवलं, आणि पिशवीतून दुसरी जाळी काढून दिली. एक धुवायची तेव्हा दुसरी लावायची. जनाबाई म्हणाल्या, "हे बेस झालं. सांगितलं नाही तर कसं कळायचं ग बाई माणसाला?"

योगेश तिची पिशवी उचलून दारापर्यंत सोडायला आला.

त्यानंतर अठरा दिवस फोन आला नाही. कॉम्प्युटर उत्तम चालला होता. काम चोख झालं होतं, आणि नेमकं तेच आडवं आलं होतं. दुकानात फोन वाजला की वनिता तो दुसऱ्या घंटीला उचलायची, पहिल्या घंटीला नाही. तेवढा मान ती स्वतःचा ठेवून होती.

एकोणिसाव्या दिवशी तो आला. जिना चढून, स्वतः, हात रिकामे.

"कलघटगीच्या बायकांनी स्वतःची छोटी गिरणी टाकलीय. कॉम्प्युटरपण घेतलाय," तो म्हणाला. "त्यांना पहिल्या दिवसापासून नीट बसवून पाहिजे. मी तुमचं नाव सांगितलं. उद्या सकाळी टेंपो जातोय."

कलघटगीला वनितानं डबा बाहेरच्या खोलीत बसवला, मधल्या भिंतीला काचेची खिडकी ठेवायला सांगितली आणि दोन पंखे आत, एक बाहेर, हे बायकांना कानडीत समजावलं. लक्ष्मीअक्कांनी स्वतःच्या हातानं पहिलं लेबल छापलं. अठराजणी ते एकमेकींच्या हातात देत बघत राहिल्या. योगेश भिंतीला टेकून उभा होता आणि त्याचं लक्ष लेबलाकडं नव्हतं. वनितानं ते पाहिलं. पण या खेपेला तिनं कसलाही अंदाज बांधला नाही.

परतीच्या वाटेवर दोन्हीकडं शेतं होती, उन्हं कलायला लागली होती. चार-पाच मैल मागं पडले. मग वनिता म्हणाली, "गाडी जरा बाजूला घ्या."

त्यानं एका आंब्याखाली टेंपो थांबवला.

"त्या दिवशी मी जे बोलले ते चूक होतं," ती म्हणाली. "तुम्ही जाळी काढली नव्हती. पण मला ते इतकं सहज खरं का वाटलं, याचा मी अठरा दिवस विचार केला. ते खरं असावं असं मला वाटत होतं... म्हणून."

योगेशचे हात स्टिअरिंगवरच होते. नजर समोरच्या रस्त्यावर.

"मी जाळी कधीच काढली नसती," तो म्हणाला. "तुम्ही एवढ्या मनापासून बसवलेलं काम बिघडवायचं आणि वर तुम्हालाच बोलवायचं, हे मला जमलं नसतं."

"मग नुसतं बोलवायचं."

"आला असता?"

"बोलवून बघायचं होतं."

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "तुम्ही कामाला येत होता. कामाला आलेल्या माणसाला असं काही बोलणं बरं नव्हे. म्हणून म्हटलं, काम संपू दे. तिकडं काम संपलं, तर तुमचं येणंच संपलं. मग कलघटगीचं काम निघालं. आज सकाळपासून देवाला म्हणतोय, हे काम संपू नये. आणि आता..."

"आता?"

"आता वाटतंय, बरं झालं, एकदाचं संपलं." त्यानं पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडं पाहिलं. "वनिता, मला तू आवडतेस. ताक आणायला धावत खाली गेलो ना, तेव्हापासून."

स्टिअरिंगवरचा त्याचा डावा हात वनितानं उचलला आणि आपल्या हातात घेतला. तळहात खरखरीत होता, कोमट, आणि रेषारेषांत बसलेला तो तांबूस रंग कितीही धुतला तरी जाणारा नव्हता.

"रविवारी घरी ये," ती म्हणाली. "आईंना घेऊन."

"काय सांगून आणू?"

"खरं ते सांगून."

रविवारी तो आला. वनिताचे वडील, गोविंदराव, कापडाचे व्यापारी. माणूस पारखताना बोलतं ठेवायची त्यांची सवय. त्यांनी कानडीत चार प्रश्न विचारले, मराठीत सहा, आणि योगेश दोन्ही भाषांत मिळून जेमतेम दहा वाक्यं बोलला. जनाबाईच काय ते बोलत होत्या. पोहे झाले, चहा झाला. मायलेक चपला घालायला उठले, तेव्हा गोविंदराव आत आले आणि स्वयंपाकघरात कपबशा विसळत असलेल्या लेकीजवळ उभे राहिले.

"पोरगा बरा आहे," ते म्हणाले. "फक्त फार बोलत नाही."

"मी बोलते की," वनिता म्हणाली, आणि हात पुसत मायलेकांना जिन्यापर्यंत सोडायला बाहेर गेली.