ओडेराचा दुसरा फोटो

गारा पडायला लागल्या तशी इस्पितळाच्या अंगणातली सगळी माणसं पडवीत पळाली. एकजण मात्र तिथेच राहिला. पळणार कसा? चाकांची खुर्ची, उजवा पाय प्लास्टरमध्ये सरळ पुढे ताणलेला... आणि खुर्चीचं चाक चिखलात रुतलेलं.

"अहो, तिथे काय बसलात?" केमुंतो पडवीतून ओरडली.

"हवा खातोय!" डोक्यावर दोन्ही हात धरून तो ओरडला. "तुम्ही पण या ना!"

ती धावली. डाव्या हाताने खुर्ची ओढून पाहिली, पण खुर्ची हलेना. मग कसलाही विचार न करता तिने स्वेटरच्या खिशातला उजवा हात बाहेर काढला, ती आकड्यासारखी वळलेली मूठ खुर्चीच्या दांडीत अडकवली आणि सगळं अंग टाकून ओढलं. दोघं पडवीत पोचली तेव्हा चिंब भिजली होती.

आता त्याची नजर त्या हाताकडे गेली. केमुंतो चार वर्षांची असताना चुलीत पडली होती. बोटं तळव्याला चिकटली ती कायमचीच. लोकांनी तो हात पाहिला की दोनच गोष्टी घडत – एक तर ते मान फिरवत, नाहीतर हळहळत. हा मात्र गारा झटकत म्हणाला, "बरं झालं, दोन्ही हात लावलेत. तळ्याकाठचा माणूस गारांनी मेला म्हणून घरच्यांची केवढी शोभा झाली असती!"

"तळ्याकाठचे काय? तरीच एवढा तोरा."

"आणि तुम्ही किसीच्या डोंगरातल्या. तरीच एवढी ताकद! केळ्यांचे घड वाहून येते म्हणे."

केमुंतोला हसायचं नव्हतं. पण हसू आलंच.

त्याचं नाव ओडेरा. तळ्याकाठी, होमा बेकडच्या खेड्यांत तो मोटारसायकलवरून माणसं पोचवायचा. एका ट्रकने हूल दिली, नडगीचं हाड मोडलं. गावच्या हाडवैद्याने बांधलं ते जुळलंच नाही. आत सळई घालून पाय सरळ केला नाही, तर तो जन्मभर लंगडणार होता. त्याच्या पायाची काय, तिची बोटं सोडवायची काय, शस्त्रक्रिया दोघांच्याही आवाक्याबाहेरची, म्हणून दोघंही एकाच माणसाच्या दारात उभी होती. न्याकुंडी त्याचं नाव. मदत करणाऱ्या संस्थेचा इस्पितळातला माणूस. तो रुग्णाचा फोटो काढायचा, हकिगत विचारायचा, आणि ती जगभर जायची. कुठली कुठली अनोळखी माणसं थोडं थोडं द्यायची, आणि रक्कम भरली की शस्त्रक्रियेची तारीख मिळायची.

केमुंतोची रक्कम आठवड्याभरात भरली. ओडेराची निम्म्याच्याही अलीकडे अडली.

"का बरं?" तिने न्याकुंडीला विचारलं. त्याने फोनवर ओडेराचा फोटो दाखवला. कपाळाला आठ्या, ओठ आवळलेले, डोळे रोखलेले.

"अगं बाई! हा फोटो पोलीस ठाण्याबाहेर लावायचा आहे का?"

"हसा म्हणून तीनदा सांगितलं मी," न्याकुंडी कुरकुरला. "काम काय करतोस विचारलं, तर म्हणे, गाडी चालवतो. संपली हकिगत!"

ओडेरा खिडकीबाहेरच्या चहाच्या मळ्याकडे बघत होता. "तोंड वेंगाडून भीक मागायची नाही मला," तो म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

केमुंतोला राग आला. "म्हणजे मी भीक मागितली?"

"तसं नाही गं..."

"मी तर हातसुद्धा पसरू शकत नाही, ओडेरा. हा बघ, उघडतच नाही! तरी लोकांनी दिलं. कीव आली म्हणून नसेल. उद्या मी मावशीच्या सलूनमध्ये वेण्या घालीन, स्वतःच्या पायावर उभी राहीन, हे बघावंसं वाटलं असेल त्यांना. तुला बघू द्यायचंच नाहीये कुणाला!"

ती तणतणत निघून गेली. आपण त्याला 'अरे तुरे' करून आलो, हे तिला वॉर्डात पोचल्यावर कळलं.

शस्त्रक्रियेनंतर तिला शुद्ध आली तेव्हा सगळा हात बँडेजमध्ये होता, आणि ठणका थेट खांद्यापर्यंत. खाटेशेजारी चाकांची खुर्ची. खुर्चीत ओडेरा, हातात गार झालेला चहा.

"भांडायला आलास?" तिने क्षीण आवाजात विचारलं.

"हरायला आलोय. पण आधी तू बरी हो, हरताना मजा यायला हवी ना."

मग तो रोज येऊ लागला. ठणका वाढला की गोष्टी सांगायचा. पावसाळ्यात त्याच्या भागातले रस्ते वाहून जातात, तेव्हा कळा सुरू झालेल्या बायकांना तो मोटारसायकलवर मागे बसवून दवाखान्यात न्यायचा. बाईला धरून तिच्या मागे दाटीवाटीने सुईण. एकदा तर बाळ वाटेतच झालं, शेतातल्या मक्याच्या आडोशाला. त्याचंही नाव ओडेराच ठेवलं.

"हे न्याकुंडींना का नाही सांगितलंस?"

"त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

केमुंतो त्याच्याकडे बघतच राहिली. फुशारक्या मारायला हा एवढा पटाईत – माशांच्या, तळ्याच्या, स्वतःच्या देखणेपणाच्या! आणि खरी फुशारकी मारायची गोष्ट तेवढी याने गिळून टाकली होती.

बँडेज सुटलं. मग बोटं सरळ राहावीत म्हणून घातलेल्या तारा निघाल्या. जाड, सुजकी, व्रणांनी भरलेली... पण पाच. वेगवेगळी पाच बोटं! केमुंतो त्यांच्याकडे बघून रडली, हसली, पुन्हा रडली. आणि त्याच संध्याकाळी सिस्टर म्हणाल्या, ओडेराचे काका शनिवारी त्याला घरी न्यायला येणार आहेत. किती दिवस वाट बघायची?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने न्याकुंडीच्या हातातून फोन काढून घेतला. "फोटो मी काढणार. हकिगतही मीच सांगणार. त्याची ना नाही, मी विचारलंय." खरं तर तिने अजून विचारलं नव्हतं.

पडवीत कोवळं ऊन आलं होतं. ओडेराने फोन पाहिला आणि कपाळाला आठ्या घालायला सुरुवात केली.

"आठ्या नकोत. फक्त सांग – पाय बरा झाला की पहिल्यांदा कुठे जाशील?"

"किसीला."

"किसीला? केळी आणायला?"

"एक किसीची मुलगी आहे," तो सावकाश म्हणाला. "फार बोलते. फार भांडते. ती समोर नसली की मला... वॉर्डात करमत नाही."

केमुंतोचे कान गरम झाले. तो थेट तिच्याकडे बघत होता, आणि आठ्यांचा पत्ताच नव्हता. तिने नव्या तर्जनीने फोनवर टिचकी मारली. त्या बोटाने केलेलं हे पहिलं काम.

शुक्रवारी न्याकुंडी वॉर्डात जवळजवळ पळतच आला. "भरली! सगळी भरली!" बायकांनी एकच किलकारी दिली. पलीकडच्या खाटेवरचे म्हातारे आजोबा कुबडी आपटायला लागले. ओडेरा दोन्ही हातांत तोंड लपवून बसला. त्याचे खांदे हलत होते.

"आणि हे ऐका," न्याकुंडीने फोन वर धरला. "पैसे देणाऱ्या कुठल्या तरी आजीबाईंनी लिहिलंय – पाय तर बरा होईलच, पण हा फोटो कुणी काढला? हा माणूस त्या व्यक्तीकडे ज्या नजरेने बघतोय, तसं माझ्याकडे एकानेच बघितलं होतं. मी त्याच्याशी लग्न केलं."

वॉर्डात हशा पिकला. केमुंतोने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं – उजव्या हाताने!

काका शनिवारी आले आणि एकटेच परत गेले.

काही महिन्यांनी केमुंतो तपासणीसाठी पुन्हा टेकडीवरच्या इस्पितळात आली. आता ती मावशीच्या सलूनमध्ये नुसती गिऱ्हाइकांची डोकी धूत नव्हती, बारीक वेण्या घालत होती. हळू जमायचं, पण जमायचं. बाहेर तपासणीची रांग फाटकापर्यंत लागलेली. आणि वॉर्डाच्या दारात ओडेरा उभा. खुर्ची नाही, कुबडी नाही. तोही तपासणीला आला होता, आणि आज पहिल्यांदाच काठीशिवाय चालायची परवानगी मिळाली होती.

"तिथेच थांब!" तो ओरडला. "पुढे येऊ नकोस. मी येतोय."

तो निघाला. एक पाऊल, जरा थांबून दुसरं. रांगेतल्या बोलण्याचा आवाज मंदावत गेला. मध्येच तो डगमगला, तशी केमुंतो पुढे झेपावली. पण त्याने हात वर करून तिला थांबवलं. घाम पुसला. पुन्हा निघाला. शेवटची पावलं तर त्याने अशी टाकली, की जणू मिरवणूकच निघाली आहे.

"केमुंतो," तो धापा टाकत म्हणाला, "मी सकाळपासून घोकतोय... आणि आता सगळं विसरलो. माझं तुझ्यावर प्रेम आहे. लग्न करशील माझ्याशी?"

तिला डोळ्यांतलं पाणी आवरेना, पण जीभ थोडीच गप्प बसणार? "मोठ्याने बोल. मागच्यांना ऐकू नाही गेलं."

ओडेरा वळला, छाती भरून श्वास घेतला आणि फाटकापर्यंत ऐकू जाईल असा ओरडला, "ही माझ्याशी लग्न करेल का?"

"हो!" अख्खी रांग गरजली. "लवकर हो म्हण गं पोरी," एक आजी म्हणाली, "माझा नंबर यायला आलाय!"

"त्यांचं काय ऐकतोस?" केमुंतोने त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं. "मी म्हणते ते ऐक."

तो ऐकत उभा राहिला, दोन्ही पायांवर.

"हो," ती म्हणाली.