तीन शिट्ट्या

त्या सोमवारी कामावरून सुटल्यावर मी आईच्या डोळ्यांत घालायचे थेंब औषधाच्या दुकानातून घेतले आणि तसाच क्लबात गेलो. मी लिफ्टदुरुस्तीचं काम करतो. दिवसभर वर-खाली करणाऱ्या माणसाला रविवारी आडवं पळावंसं वाटतं, असं माझी धाकटी बहीण म्हणते. तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात. या खेळाचं वेड तिनेच मला लावलं. हातात नकाशा नि होकायंत्र घ्यायचं, अनोळखी रानात ठेवलेले केशरी-पांढरे झेंडे ठरल्या क्रमाने शोधायचे आणि सगळ्यात आधी परत यायचं. नाव आहे ओरिएंटीअरिंग. आईच्या मते, मुद्दाम पैसे भरून हरवायचा खेळ.

क्लब म्हणजे शाळेच्या व्यायामशाळेतली एक खोली. तिला रबरी चटयांचा वास. तिथे आम्हाला शिकवायचे ते जमीनमोजणीतून निवृत्त झालेले सर. रविवारच्या शर्यतीचं रान त्यांच्या पायाखालचं होतं. त्यांनी जुना नकाशा भिंतीवर लावला आणि बोट ठेवलं.

"हे दोन खळगे बघा. जुळे आहेत. मध्ये फक्त एक उंचवटा. एकात उतरलात की दुसऱ्यात आहोत असंच वाटतं. नकाशाही पटतो, होकायंत्रही पटतं, आणि माणूस चुकीच्या जागी अगदी खुशीत उभा असतो."

"मग कळतं कसं?" भिंगरीने विचारलं.

"उशिरा कळतं," सर म्हणाले, आणि नकाशा गुंडाळायला लागले.

बुधवारी बागेत जखमी माणसाला सांभाळायचा सराव झाला. आमच्यात प्रत्येकाने गळ्यात शिट्टी घालायची असते. सहा वेळा वाजली, तर कुणीतरी संकटात आहे. ऐकणाऱ्याने शर्यत सोडायची आणि तीनदा वाजवून उत्तर द्यायचं. तीनचा अर्थ, ऐकलं, आहेस तिथेच थांब, येतोय. तीन शिट्ट्या मिळाल्या की जखमी माणसाने तसूभरही हलायचं नाही आणि तीन शिट्ट्या देणाऱ्याने पोचायचंच. जखमी शुद्धीत राहावा म्हणून त्याला बोलतं ठेवायचं. नाव काय, राहतोस कुठे, घरी कोण असतं... भिंगरी गवतावर आडवी पडून कण्हत होती आणि मला मुद्दाम खोटे पत्ते सांगत होती. आम्ही पोट धरून हसलो.

या तीन शिट्ट्यांची आमच्या घरीही सवय झाली होती. शर्यतीहून आलो की आम्ही खालूनच तीनदा वाजवायचो. आई चहाचं आधण ठेवायची आणि दार उघडायची. शेजारी वैतागायचे. पण त्या आठवड्यात आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यावर पट्टी होती, आणि दुसऱ्याला आकार तेवढे दिसायचे. तिला एकटीला सोडून जायला माझं मन होत नव्हतं.

"जा रे," ती म्हणाली. "आंधळी झाले नाहीये मी. फक्त दोघं गेलात तसे दोघं परत या."

रविवारी रानाच्या तोंडाशी पोचलो तेव्हा भिंगरीच्या लक्षात आलं, तिची शिट्टी घरीच राहिली होती. दाराजवळच्या खिळ्याला. शिट्टी नसेल तर आत सोडत नाहीत. मी माझी तपासनिसाला दाखवली, पाठीमागून तिच्या हातात सरकवली, तीच तिने दाखवली. एका शिट्टीवर दोघं पास.

"राहू दे तुझ्याकडेच," मी म्हणालो. "तू जास्त धडपडतेस."

ती आधी सुटली, मी मागून. दिवस डोक्यावर आला तरी धुकं हटत नव्हतं. झाडांची खोडं दिसायची, शेंडे नाही. जमिनीला कुजलेल्या पानांचा वास, आणि माझ्या श्वासाखेरीज आवाज म्हणून नाही. पहिले झेंडे पटापट सापडले. मग नकाशावर तो खळगा आला. मी उतरलो. तळाशी मोठा दगड हवा होता, तो होता. उजवीकडे पडलेलं झाड हवं होतं, तेही होतं. झेंडा मात्र नव्हता.

जुळ्यातल्या चुकीच्या खळग्यात होतो मी. स्वतःवरच हसू आलं.

तेवढ्यात उंचवट्यापलीकडून शिट्टी वाजली. सहा वेळा.

माझीच शिट्टी ती. तिच्यातली घरघर मी कुठेही ओळखली असती. उत्तर द्यायला हात गळ्याकडे गेला आणि आठवलं, गळा रिकामा आहे. हाक मारायला तोंड उघडणार, तोच उत्तर गेलं. तीन शिट्ट्या, सावकाश. माझ्या पाठीमागून... याच खळग्यातून... हात लांब केला असता तर लागलं असतं इतक्या जवळून.

मी वळलो. दगड, पडलेलं झाड, धुकं. दगडाशेजारी दाबलेलं गवत तेवढं हळूहळू उभं राहत होतं.

मी घाबरलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. हातापायांवर चढत मी तो उंचवटा पार केला. पलीकडच्या खळग्यात भिंगरी घोटा धरून बसली होती. चेहरा पांढरा, पण शांत. माझा जीव भांड्यात पडला.

"आलास एकदाचा खाली?" ती म्हणाली. "इतका वेळ काठावर उभा राहून काय करत होतास?"

दुखण्याने भ्रमली असेल, असं वाटलं मला. तिला पाठुंगळी घेतलं आणि निघालो. त्या काठाकडे मी मान वर करून पाहिलं नाही.

शेवटच्या रेषेवर सर उभे होते. परतणाऱ्या प्रत्येकाला ते एकच विचारतात, आत कोण राहिलं? तुम्हीच शेवटचे, म्हणाले. तीन शिट्ट्या कुणी दिल्या, असं मी विचारलं. कुणीच दिल्या नव्हत्या. सहा शिट्ट्याही कुणी ऐकल्या नव्हत्या. सरांनी भिंगरीचा घोटा बांधला. मी खळग्याचं सांगितलं, तेव्हा त्यांचे हात मध्येच थांबले.

"चुकीच्या खळग्यात ना?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि गाठ पुरी केली.

गाडीत ती मागे पाय लांब करून बसली होती. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाली, "बुधवारसारखं बोललास, बरं वाटलं रे. नाहीतर मी रडलेच असते."

"मी कधी बोललो?"

"वरून. धुक्यात नीट दिसत नव्हतास, आवाज येत होता. हलू नकोस, बोलत राहा, म्हणालास. नाव काय, राहतेस कुठे..."

मी आरशातून तिच्याकडे पाहिलं. "खोटा पत्ता सांगितलास ना?"

"या वेळी खरा सांगितला. खरंच दुखत होतं. कितवा मजला विचारलंस, घरी कोण असतं विचारलंस. मी म्हटलं, आई, एकटीच, डोळ्याला पट्टी. मग विचारलंस..."

"काय?"

"दार कसं उघडतं."

"मग?"

"दादा... तू नव्हतास?"

"माझ्याकडे शिट्टी तरी होती का, भिंगरे? तूच सांग."

तिने गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. मी गाडी कडेला घेऊन घरी फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. मग आईने उचलला.

"अरे, आतल्या खोलीत बसून फोन कसला करतोस?" ती हसत होती. "मघापासून हाका मारतेय, ओ देत नाहीस. भिंगरी कुठे राहिली?"

"आई, दाराबाहेर ये. जिन्यात उभी राहा. आत्ताच्या आत्ता."

"आणि शर्यतीचे ते खिळ्यांचे बूट घालून थेट आत गेलास," ती म्हणाली. "फरशी मी पुसणार नाही, सांगून ठेवते."

पुढचा रस्ता मी कसा कापला, मला आठवत नाही. लिफ्ट वर आली तेव्हा आई दाराबाहेर कठड्याला धरून उभी होती. तिने आधी माझा हात चाचपला, मग चेहरा. बोटं माझ्या गालावर थांबली.

"मग आत कोण आहे रे?" ती हळूच म्हणाली.

दार सताड उघडं होतं. आत दिवा नव्हता. दाराजवळचा खिळा रिकामा होता. भिंगरी एका पायावर माझ्या खांद्याला लोंबकळत होती, आणि आतून कुजलेल्या पानांचा वास येत होता.

मग आतल्या खोलीतून शिट्टी वाजली. तीन वेळा, सावकाश.

आम्ही तिघंही होतो तिथेच थांबलो. सवयच तशी लागलेली. समोरचे शेजारी भांडायला बाहेर आले, तेव्हा कुठे आम्ही हललो. त्यांना घेऊन घरभर पाहिलं. पलंगाखाली, कपाटात, पाण्याच्या टाकीमागे. कुणी नव्हतं. फरशीवर खिळ्यांच्या बुटांचे ठसे आत गेलेले होते, बाहेर आलेले नव्हते. भिंगरीची शिट्टी सापडली नाही ती नाहीच.

घर बदलायचं मी ठरवलं. दुसरीकडे जागाही पाहिली, सामान बांधायला काढलं. पण आई तयार नाही. पट्टी निघाली, आता तिला छान दिसतं. रोज संध्याकाळी ती दाराकडे तोंड करून खुर्चीत बसते. जरा दुसऱ्या खोलीत चल म्हटलं, तर हलत नाही.

"तीन वाजल्यात ना?" म्हणते. "मग थांबायचं. तो येतोय."