मागच्यासाठी धरलेलं दार

ये, इकडे हीटरजवळ बस. किती वेळ दार उघडं ठेवलंस गं, घरातली सगळी ऊब गेली. असू दे. आधी चहा घे, पुण्याचा आहे.

नव्या घराच्या दारावर कुठला कॅमेरा लावू, हे विचारायला तू डेल्फ्टहून आलीस, तेही या लॉकडाऊनमध्ये. फोनवरही सांगता आलं असतं, पण मीच म्हटलं ये. लोकांच्या इमारतींना कॅमेरे आणि कार्डाची दारं निवडून देणं हा माझा धंदा. कुठली कंपनी कुठे थापा मारते, ते मला झोपेत विचार. आणि माझ्या स्वतःच्या दारावर काहीच नाही, हे बघून तू मघाशी हसलीस. हस बाई. पण आधी ऐकून घे, शोभा, मग काय ते ठरव.

गेल्या डिसेंबरची गोष्ट. बाबा तेव्हा माझ्याकडेच होते. फेब्रुवारीत म्हणून पुण्याहून इकडे नेदरलँड्सला आले, थोडे दिवस राहून जाणार होते, आणि विमानंच बंद झाली. त्यांची फुप्फुसं आधीच नाजूक. चार पावलं चालायचे, थांबायचे, घसा खाकरून श्वास घ्यायचे, मग पुढची चार पावलं. जिन्यावर ते असले तर मला मान वर करून बघावं लागायचं नाही, त्या चालीवरूनच कळायचं. बाहेरून काही घरात यायला नको, एवढा एकच घोर मला लागलेला. बाहेरून आले की मागच्या शेडमध्ये कपडे बदलायचे, हातपाय धुवायचे, मगच घरात. आणि बाबा? माझी यायची वेळ झाली की दाराच्या आत येऊन उभे. मी घंटी वाजवायच्या आत दार उघडणार. लांब राहा म्हणून किती ओरडले असेन. "लेकीला दार उघडायला मला काय होतंय," एवढंच म्हणायचे.

तर तेव्हा इथलीच, हूफडॉर्पमधली एक इमारत माझ्याकडे आली. पलीकडच्या कालव्याकाठची ती करडी, काचेची, घरापासून चालत जाण्यासारखी. मार्चपासून रिकामी पडलेली. तिची व्यवस्था बघणारी मार्लूस फोनवर म्हणाली, सगळं जुनं काढून नवीन बसवायचंय, निवडून दे. जुन्याची तऱ्हा अशी, की मागच्या दारातून आत जायला कार्ड लागायचंच, पण बाहेर पडायलाही कार्ड लागायचं. मी म्हटलं, हे कायद्यात कुठे बसतं? आग लागली तर माणसानं काय करायचं? मग म्हणाली, पहिल्या लाटेत तिथे एक सिक्युरिटीवाला एकटाच असायचा. सुट्टीच्या दिवसांत त्याचं कार्ड कुठेतरी पडलं, त्यात ताप चढलेला. सोमवारी तो दाराच्या आतल्या बाजूला सापडला... दाराला टेकून बसलेला.

मला संताप आला. माणूस आत अडकेल अशी दारं बसवतातच कशी? एकदम नीट सिस्टिम निवडून देते, असं मी मनाशी ठरवलं.

दोन कंपन्या शर्यतीत होत्या. दोन्हींचे कॅमेरे त्याच मागच्या काचेच्या दारावर, आतलं-बाहेरचं दोन्ही दिसेल असे, शेजारी शेजारी लावून घेतले. दोन्ही माणसं मोजायचे, पण दुसरा दिसलेल्या माणसाभोवती स्क्रीनवर हिरवी चौकटही काढायचा. आमच्या कामात सगळ्यात मोठी परीक्षा असते ती मागून घुसण्याची. एकानं कार्ड लावायचं आणि दुसऱ्यानं त्याच्या पाठोपाठ फुकटात शिरायचं, हे कॅमेऱ्यानं पकडायला हवं. आपली माणसं नेमकी इथेच नापास होतात. मागून कोणी येत असलं की आपण दार धरून उभे. पुढच्यानं दार सोडून दिलं तर आपल्याला केवढा राग येतो! ऑफिसात मी सगळ्यांना यावरून झापते, आणि हात मात्र माझाही जातोच.

जागेवर एकालाच जायची परवानगी होती. माझ्याबरोबर काम करणारा कुशल रॉटरडॅमला, त्याच्या घरी स्क्रीनसमोर बसला. मी दुपारी तिथे पोचले. दुपार कसली, डिसेंबर तो. कालव्यावर धुकं आणि दिवे आधीच लागलेले. आत बंद घराला येतो तसा कुबट वास. कॉरिडॉरमधले दिवे माझ्या चालण्यानं एकेक लागत होते आणि मागे एकेक विझत होते. मग लक्षात आलं, मागचे दिवे लगेच विझत नाहीयेत. सेन्सर जुने असतील, म्हटलं.

कानातून कुशल म्हणाला, "आसावरीताई, तुझ्यासोबत कोणी आहे का?"

मी म्हटलं, कोणी नाही.

"पहिला कॅमेरा एक दाखवतोय. दुसरा दोन. तुझ्या मागे चौकट आहे... पण चौकटीत कोणी नाही."

मी मागे पाहिलं. लांबच लांब रिकामा कॉरिडॉर. मी हसले आणि म्हटलं, लिहून ठेव, दुसरा भंगार आहे. मग बाहेर पडायची चाचणी. मी आतून कार्ड लावलं, दार उघडलं, बाहेर आले. गार वारा तोंडावर आला आणि जरा बरं वाटलं.

"ताई," कुशलचा आवाज अगदी खाली गेला होता, "दार सोड."

तेव्हा मला कळलं की मी दार धरून उभी आहे. हात लांब करून, अंग जरा बाजूला घेऊन, मागच्याला वाट देतात तशी. किती वेळ, माहीत नाही. मी हात काढला, दार लागलं. कुशलला विचारलं, आता काय दाखवतोय? तो म्हणाला, आत कोणी नाही... आता तुम्ही दोघं बाहेर आहात.

घरी आले ती जवळजवळ धावतच. शेडमध्ये कपडे बदलले, पाय धुतले. दाराशी पोचते तर बाबांनी नेहमीसारखं दार उघडलंच होतं. मी आत शिरले, पण ते दार लावेनात. बाजूला सरकून, हसून, माझ्या मागे बघत उभे.

"तुझ्याबरोबरचे ते आत नाही आले?"

मी त्यांच्या हातातून दार ओढून लावलं. बाबा चिडले. असं कोणाच्या तोंडावर दार लावू नये, म्हणाले. कोण होतं असं विचारलं, तर म्हणाले, काळा कोट, गळ्यात ओळखपत्राची पट्टी... पण पट्टीला कार्ड नाही.

मार्लूसनं मला सांगितलेलं मी बाबांना एका शब्दानं सांगितलं नव्हतं, शोभा. शप्पथ.

मी त्यांना बजावलं, मी घरी नसताना दार उघडायचं नाही. कोणी आलं तरी. त्यांना ते पटेचना. आयुष्यभर आल्यागेल्याला चहा पाजलेला माणूस तो. पुढचे काही दिवस माझी मीटिंग चालू असायची आणि कान दाराकडे. बाबा पडद्याआडून बघायचे आणि हळहळायचे, बिचारा थंडीत उभा आहे. मी बघायचे तर पायरीवर काही नसायचं. मात्र गवतावर सगळीकडे दव पडलेलं, आणि दारासमोर दोन पावलांएवढी जागा कोरडी. एकदा तर मी वरून धावत आले तेव्हा बाबांचा हात कडीवर होता.

रात्ररात्र डोळ्याला डोळा नाही. हे मीच घरी आणलं होतं. ज्या माणसासाठी मी भाजीसुद्धा साबणानं धुवत होते, त्याच्या दाराशी मीच हे आणून उभं केलं होतं. शेवटी ठरवलं, जिथून आणलं तिथे परत नेऊन सोडायचं. दार धरून बाहेर काढलं, तसंच दार धरून आत घालायचं.

दुपारचं जेवण झाल्यावर बाबांना म्हटलं, त्या इमारतीत काम आहे, जाऊन येते. त्यांचा चेहरा एकदम खुलला. "मी येऊ? घरात बसून आंबलो बघ. एकदा तुझं काम तरी बघू दे."

"तुम्ही घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, बाबा," मी म्हटलं. जरा तोडूनच म्हटलं.

दारातून निघताना मान वळवली नाही. वाटेत कुशलला फोन लावला, स्क्रीनसमोर बस म्हटलं. तो नको नको म्हणत बसला. कालव्याच्या पुलावर मागे कोणीतरी असल्यासारखं वाटलं, आणि खरं सांगते, मला हायसंच वाटलं. येतोय, म्हटलं. येऊ दे.

दाराशी पोचल्यावर कुशल म्हणाला, "आहे, ताई. तुझ्या मागे एक चौकट आहे." मग म्हणाला, "पण हा त्या दिवसासारखा चालत नाहीये. चार पावलं येतो आणि थांबतो..."

माझं लक्ष कुठे होतं त्याच्या बोलण्यात! मी कार्ड लावलं, दार उघडलं, बाजूला झाले. अंगाला चाटून काहीतरी आत गेलं. आपल्यात निघालेल्या माणसाला कोणी जा म्हणत नाही, ये म्हणतात. मी म्हटलं, जा. आता जा.

आतला एक दिवा लागला. थोड्या वेळानं दुसरा. मग थांबलं. मी दार ओढून घेतलं, पूर्ण जोरानं. कुलूप लागल्याचा आवाज आला.

"परत फिरलाय, ताई. दाराशी आलाय... आतून दाराशी उभा आहे." मी फोन बंद केला आणि चालू लागले. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

घराचं दार बाबांनी उघडलं नाही. मी किल्लीनं उघडलं. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. कोट घातलेला, मफलर गुंडाळलेला, बुटांच्या नाड्या बांधलेल्या. बाहेर जायची सगळी तयारी करून बसले होते. शेजारचा चहा गार झालेला आणि हातही. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. कधी, असं मी विचारलं. तुम्ही घरातून निघालात त्याच सुमाराला, म्हणाले.

चार पावलं येतो आणि थांबतो... हे वाक्य मला त्या वेळी आठवलं. शोभा, मी त्यांना जा म्हटलं गं.

त्याच संध्याकाळी पळत गेले होते मी, अंत्यसंस्काराची माणसं यायच्या आधी. कार्ड चालेना. चाचणीची मुदत नेमकी त्याच दिवशी पाच वाजता संपली होती. काचेवर हात आपटले. मग लॉकडाऊन वाढला, इमारत विकली गेली, नव्या मालकानं कोणालाच आत सोडलं नाही. निवडीच्या अहवालात कुशलनं मी सांगितलं होतं तेच लिहिलं, की दुसरा कॅमेरा सदोष आहे. पण तो काढायचाच राहून गेला, अजून चालू आहे. कुशल अधूनमधून बघतो आणि मला सांगत नाही. मीच खोदून विचारलं तेव्हा बोलला. दिवसभर तिथे काही नसतं. माझी घरी यायची वेळ झाली की दाराच्या आतल्या बाजूला हिरवी चौकट येऊन उभी राहते. बराच वेळ थांबते. मग चार पावलं, थांबणं, चार पावलं, अशी परत आत जाते.

पुढच्या आठवड्यात तो कॅमेरा काढायला मला कार्ड मिळणार आहे. वर्ष गेलं त्यासाठी हातापाया पडण्यात. दार धरून उभी राहणार आहे मी, बाबांना कितीही वेळ लागू दे. आणि त्यांना घरी घेऊन येणार आहे.

म्हणून तोवर या घरात दुसरं कोणी शिरायला नको होतं. मी परत सोडायला गेले त्या दिवशी तो सिक्युरिटीवाला माझ्या मागून कुठे आलाच नव्हता ना. तो इथेच होता, पायरीवर. अजूनही दव पडलं की ती जागा कोरडी राहते. कॅमेरा लावला तर तिथली चौकट रोज बघावी लागेल, म्हणून नाही लावला. मी दार फटीएवढं उघडते, अंग चोरून आत शिरते. गेलं वर्षभर तो वाट बघत उभा आहे, कोणीतरी दार धरेल म्हणून.

मघापासून तुला एक विचारायचंय, पण धीर होत नव्हता. तू आलीस ना, मी स्वयंपाकघरातून बघत होते. आत आलीस, आणि अंग बाजूला घेऊन, हात लांब करून कितीतरी वेळ तशीच उभी होतीस.

दार कोणासाठी धरलं होतंस, शोभा?