पुष्पकाच्या पोटातलं विमान

"मांजर टोपली नेईल काय?" अंबुजा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "विमान नेईल, एक वेळ कबूल! पण दांडीला लाल सुतळी बांधलेली आख्खी टोपली?"

"तुमच्या गल्लींतलीं मांजरें बहुत मोठीं आहेत," मणी म्हणाला.

"मणी!"

"बरें, बरें! मांजर नाही. मग कोण?"

कुंभकोणाच्या मेलकावेरी भागातल्या त्या घराच्या मागच्या पडवीत तिघं रिकाम्या फळीकडे बघत उभी होती. बारा वर्षांची अंबुजा, शेजारचा बडबड्या मणी आणि त्याची धाकटी बहीण सुंदरी, जिला कोणीही कधीही 'गा' म्हटलं की ती गायची. नवरात्राची सुट्टी होती. यांचे पूर्वज फार मागे तंजावरच्या राजांबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. म्हणून यांचं मराठी तुम्हां-आम्हांला जरा जुनं वाटेल. पण भांडायला ते उत्तम चालतं!

हरवलेलं विमान खेळण्यातलं होतं, पण साधंसुधं नव्हतं. अंबुजाचा मोठा भाऊ हयग्रीव, म्हणजे तिचा अण्णा, विमानदलात होता आणि हैदराबादजवळच्या तळावर जेट विमान चालवायला शिकत होता. विमानाचं नाव व्हँपायर. मागे दोन लांब दांडे, त्यांवर दोन शेपट्या, आणि पुढे काचेखाली शेजारी शेजारी दोन खुर्च्या, एक शिकवणाऱ्याची आणि एक शिकणाऱ्याची. अण्णानं त्याचं चित्र काढून पाठवलं आणि खाली लिहिलं, 'खऱ्या विमानाचें नाकसुद्धां लाकडाचें असतें, अंबू! हेंच घेऊन घरीं यावें वाटतें. पण कुंभकोणांत उतरवूं कोठें?'

अण्णानं हे थट्टेत लिहिलं होतं. अंबुजानं ते मनावर घेतलं.

पूर्वी दोघं या पडवीत बसून नेट्टी कोरायची. नेट्टी म्हणजे तळ्यातल्या झुडपाचं पांढरं, हलकं भेंड. तंजावरकडचे कारागीर त्याची देवळं करतात, ही दोघं विमानं करायची. आता ती एकटीच कोरत बसे. आई लहानपणीच गेलेली, वडील कामासाठी सदा गावोगाव, आणि आत्याबाई स्वयंपाकघरात नाहीतर देवघरात. अंबुजाला फार एकटं वाटे. पण हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. ज्याला सांगायचं तोच तर दूर गेला होता!

मग तिनं विमानं केली. पहिल्याला बैलगाडीची चाकं लावली, रस्त्यावर उतरायला. दुसऱ्याचे पंख दुमडत होते, गल्लीत शिरायला. तिसऱ्याच्या पोटाखाली घसरपट्ट्या होत्या, उन्हाळ्यात कावेरीच्या कोरड्या वाळूवर टेकायला. आणि आता कावेरी काठोकाठ वाहत होती, म्हणून चौथ्याला चाकांच्या जागी दोन होड्या! भेंडाला मेण चोळलं, वर फाटकांना देतात तो चंदेरी रंग दिला, आणि घाटाच्या पायरीवरून पाण्यात सोडून पाहिलं. झकास तरंगलं!

"पण हें चूक आहे," मणी तेव्हा म्हणाला होता. "खऱ्याला होड्या नाहींत."

"खरें येत नाही ना, मणी," अंबुजा म्हणाली होती, "म्हणून तर हें केलें."

आणि आज संध्याकाळी अण्णा आगगाडीनं कुंभकोणावरून जाणार होता! विमानदलाचा हॉकीचा संघ सामन्यासाठी त्रिचीला निघाला होता. संघ सोडून त्याला घरी येता येणार नव्हतं, पण स्टेशनात गाडी थांबेल तेवढा वेळ तो खिडकीत उभा राहणार होता. तेवढ्यात त्याच्या हातात विमान ठेवायचं, असं अंबुजानं ठरवलं होतं. रंग वाळावा म्हणून तिनं ते काल दुपारी फळीवर ठेवलं. सकाळी पाहते तर विमान नाही आणि खालची भेंडाची टोपलीही नाही!

तिघं स्वयंपाकघराच्या दारात गेली. "आत्याबाई, पडवींतली टोपली कोणी नेली?"

रुक्मिणीबाईंनी कढईतून मान वर केली नाही. "कोणी तरी नेट्टी मागितली. म्हटलें, घ्या मागल्या पडवींतून."

"कोणी?"

"आतां आठवतें होय? कालपासून सारें गांव उंबरा झिजवतें आहे. आणिक हरभरे शिजायचे आहेत! सरा, सरा!"

अंबुजाचे डोळे भरून आले. रडायचं नाही म्हणून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सुंदरीनं तिची परकराची चुणी धरली.

"अंबुक्का, रडूं नको ना. मी गाऊं?"

"नको!" मणी ओरडला. आणि मग एकदम कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे, गा! गा तर! अंबू, आज आपण कोणाच्याहि घरांत शिरूं शकतों!"

खरंच की! नवरात्रात तिकडे घरोघरी कोलू मांडतात. पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या, आणि खाली मुलांनी केलेली बाग, तळं, रस्ते. आल्यागेल्यानं आत यायचं, बाहुल्या बघायच्या, मुलींनी एक गाणं म्हणायचं आणि द्रोणभर सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, घेऊन जायचं. हेरगिरीला याहून सोयीचा सण कुठला असणार!

दुपारी मोहीम निघाली. सुंदरी गायची, मणी खायचा आणि अंबुजा बघायची. एका घरी गाणं पुरं व्हायच्या आतच सुंडल मिळालं. दुसऱ्या घरी पाळण्यातलं मूल उठलं. तिसऱ्या घरी एक म्हातारेबुवा सुंदरीला म्हणाले, "पुढच्या वर्षीं ये हो, बाळ." विमान मात्र कुठेच नव्हतं. प्रत्येक घरात माणसं दाटीवाटीनं बसली होती, भावंडं एकमेकांना ढकलत होती, आणि अंबुजाला वाटत होतं, आपण तेवढ्या खिडकीबाहेरून पाहतो आहोत. ऊन कलायला लागलं.

"एकच घर उरलें," मणी पोटावर हात फिरवत म्हणाला. "अप्पाजींचें. आणिक माझ्या पोटांत एकच द्रोणाची जागा उरली."

अप्पाजींचा कोलू सगळ्यांत मोठा. अप्पाजी वयोवृद्ध, मिशा पांढऱ्याशुभ्र, बोलणं नगाऱ्यासारखं. त्यांच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तिघं शिरली मात्र, अंबुजानं मणीचा दंड घट्ट पकडला. दाराशी फुलांची टोपली होती आणि तिच्या दांडीला लाल सुतळी!

"आणिक हें पाहा!" अप्पाजी छडीनं वर दाखवत गर्जले. "लंकेहून अयोध्येस निघालेलें पुष्पक विमान! स्वहस्तें केलें! माझ्या या हातांनीं!"

छताला दोऱ्यानं टांगलेलं पुष्पक वाऱ्यावर डुलत होतं. सोनेरी बेगडीनं मढवलेलं, वर राम-सीतेच्या चिमुकल्या बाहुल्या बसवलेलं. लोक वाहवा करत होते. अंबुजा मात्र त्याच्या मागच्या बाजूकडे बघत होती. दोन दांडे. दोन शेपट्या. खाली दोन होड्या!

"अप्पाजी, हें माझें विमान आहे," ती म्हणाली. आवाज बारीक निघाला, पण निघाला.

अप्पाजींच्या मिशा थरथरल्या. "तुझें? पोरी, मी रुक्मिणीबाईंकडून नेट्टी मागून आणली. हें मी केलें!"

"मग पुष्पकाला दोन शेपट्या कां?"

"दोन... राम आणि लक्ष्मण! एकेकास एकेक!"

"बेगडीखालीं दोन खुर्च्या आहेत. काढून दाखवा!"

"आज नवमी! आज सरस्वतीपूजा!" अप्पाजींना एकदम जोर चढला. "सुऱ्या, कात्र्या, पुस्तकें, सारीं देवीपुढें ठेवलेलीं. आज हत्याराला हात लावणें नाही. आणिक देवाचें वाहन नखांनीं ओरबाडूं देणार नाही. उद्यां ये!"

लोकांनी माना डोलावल्या. नियम खराच होता. पण उद्या अण्णा कुठे असणार? गाडी आता थोड्याच वेळात येणार होती!

अंबुजा खाली बसली. कोलूच्या पायथ्याशी पितळेच्या मोठ्या परातीत पाणी भरून समुद्र केला होता, त्यात कागदी मासे पोहत होते. एक मासा ओला होऊन उलगडला होता, त्याची खळ सुटली होती. अंबुजा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं मणीच्या कानात काहीतरी सांगितलं. मणीचे डोळे चमकले.

"अप्पाजी!" तो गोड आवाजात म्हणाला. "तुमचें पुष्पक फार सुंदर आहे हो! पण समुद्रावरून जायचें म्हणजे... मध्येंच पाण्यावर टेकावें लागलें तर? बुडेल, नाही का?"

"बुडेल?" अप्पाजी ताठ झाले. "माझें पुष्पक बुडेल?"

"बुडेलच म्हणा. होड्या काय, नुसत्या शोभेच्या असतील."

"शोभेच्या?" अप्पाजींनी राम-सीतेला अलगद उचलून पायरीवर बसवलं, दोरा सोडला आणि पुष्पक स्वतःच्या हातांनी परातीत ठेवलं. "बघा!"

पुष्पक तरंगलं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अप्पाजींनी मिशीला पीळ दिला.

"सुंदरी, गा," अंबुजा हळूच म्हणाली.

सुंदरीनं तिचं सगळ्यांत लांब गाणं लावलं. देवीचं गाणं, मध्येच उठणार कोण? सगळे हात जोडून बसले. आणि परातीत बेगडीचा एक कोपरा वर आला. मग दुसरा. पिठाच्या खळीनं चिकटवलेली बेगड पाण्यानं सुटत गेली, घरंगळली आणि माशांमध्ये जाऊन तरंगू लागली. मेण चोळलेल्या चंदेरी विमानाला मात्र पाण्यानं काही केलं नाही. गाणं संपलं तेव्हा परातीत पुष्पक नव्हतंच. तिथे होतं दोन शेपट्यांचं जेट विमान. काचेच्या जागी पारदर्शक कागद, त्याखाली दोन खुर्च्या. एका खुर्चीत भेंडाचा इवलासा वैमानिक, दुसरी रिकामी.

"ऐयय्यो!" कोणीतरी म्हणालं.

अप्पाजी मटकन खुर्चीत बसले. "टोपलीच्या वर फळीवर होतें. वाटलें, अर्धवट टाकलेलें खेळणें आहे. विचारायला हवें होतें." आणि मग त्यांचा नगारा अगदीच उतरला. "सगळे म्हणाले, अप्पाजी, तुम्हीं केलें? मीहि हो म्हणालों. पोरी, मुलें-सुना मुंबईस. वर्षभर या घरांत मी एकटा. एवढे नऊ दिवस माणसें येतात, म्हणून हें सारें मांडतों."

अंबुजाचा राग कुठल्या कुठे गेला. तिला ते शब्द फार ओळखीचे वाटले. "अप्पाजी," ती म्हणाली, "माझा अण्णा गाडीनें जातो आहे. आतां!"

"आतां? मग बसला आहात काय!" अप्पाजी ताडकन उठले. "जटका जोडा रे!"

घोडा काय दौडला म्हणता! मणीचा उरलासुरला द्रोण रस्त्यात सांडला. स्टेशनात पोचले तेव्हा गाडी येऊन उभी राहिली होती. अंबुजा डब्यामागून डबा शोधत धावली.

"अंबू!"

खिडकीत अण्णा होता. जरा काळा झालेला, केस बारीक कापलेले. तिनं विमान वर केलं. त्यानं ते दोन्ही हातांत घेतलं, फिरवून पाहिलं आणि मोठ्यानं हसला.

"होड्या! आमच्या विमानाला होड्या कशाला ग?"

"कावेरींत उतरायला. तूंच विचारलेंस ना, उतरवूं कोठें?"

अण्णाचं हसू थांबलं. त्याला आपलंच वाक्य आठवलं. "आणिक ही रिकामी जागा? गुरुजींची?"

"माझी."

शिट्टी झाली. अण्णानं बोटाच्या टोकानं भेंडाचा तो वैमानिक खुर्चीतून अलगद काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. "विमान मी नेतों, खोलीच्या खिडकींत ठेवतों. हा तुजपाशीं राहूं दे. दोन्ही खुर्च्या रिकाम्या, अंबू. बसायचें तर दोघांनीं एकदम!"

गाडी हलली. ती खिडकीबरोबर चालली, मग धावली, मग फलाट संपला. फलाटावरची गर्दी पांगली. अंबुजा मूठ मिटून उभी होती आणि आता मात्र ती रडली, अगदी मोठ्यानं. अप्पाजींनी खांद्यावरचं उपरणं काढून तिच्या हातात दिलं.

"बुद्धि म्हणतात ती ही," ते म्हणाले. "कात्रीला हात लावला नाहीं, नेम मोडला नाहीं, आणिक माझें पुष्पक उतरवलें! पुढल्या वर्षीं तें तूंच करायचें. तुझें नांव मी दारांत लिहीन. आणिक खोटें बोललों, तें मीच सर्वांस सांगेन."

दुसऱ्या दिवशी दसरा. दिवे लागल्यावर कोलूतली एक बाहुली आडवी करून निजवायची, म्हणजे सण संपला, अशी तिकडची रीत. रुक्मिणीबाईंनी अंबुजाला हाक मारली.

"सारें कळलें ग मजला. कढईंतून मान वर केली असती, तर तुला गांवभर हिंडावें लागलें नसतें. शहाणी माझी पोर!" त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "आज बाहुली तूं निजव. कोणती हवी ती."

अंबुजानं मूठ उघडली. भेंडाचा वैमानिक तिनं सगळ्यांत खालच्या पायरीवर, आपल्या बागेतल्या तळ्याकाठी आडवा ठेवला आणि फुलाची एक पाकळी त्याच्या अंगावर घातली.

"नीज, अण्णा," ती म्हणाली. मग पूजेतून सुरी परत घेतली आणि पडवीत जाऊन बसली. थोड्या वेळानं मणी आणि सुंदरी येऊन तिच्या शेजारी बसली, आणि तिनं त्यांना जागा करून दिली.