टॅबचं ढिलं बटण

ही गोष्ट खरी आहे. माझ्याच घरात घडलेली आहे.

पटली नाही तर सोडून द्या. मी वाद घालणार नाही, तेवढं बळ आता माझ्यात उरलेलं नाही.

भुताच्या गोष्टीत अमावास्येची रात्र असते, कुत्री रडतात. माझ्या गोष्टीत यातलं काही नाही. अकोला, गोरक्षण रोडवरचं घर, यंदाचा उन्हाळा आणि भर दुपार. अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी भूतसुद्धा घराबाहेर पडत नाही, असं आम्ही हसून म्हणायचो.

आता नाही म्हणत.

केदार माझा नवरा. अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. सोमवारी पहाटे जायचा, शनिवारी यायचा, मधले दिवस राजापेठेतल्या खोलीवर. घरी मी, वर्षाली, आणि त्याची आई, अनसूयाबाई. मीही त्यांना आईच म्हणते.

रोज संध्याकाळी तो आईंना व्हिडिओ कॉल करायचा. त्यासाठी आपला जुना लॅपटॉप त्याने लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकून त्यांना दिला होता. त्या लॅपटॉपला एक खोड होती. झाकण लावून पुन्हा उघडलं की त्याचा आवाज जायचा. पडद्यावर केदार दिसायचा, ओठ हलायचे, पण शब्द नाही. आई वैतागून फोनवर सांगायच्या, तू दिसून राहिला पण ऐकू काहीच नाही येत.

केदारने शोधून काढलं की चूक लिनक्सच्या कर्नलमध्ये आहे. कर्नल म्हणजे सगळ्याच्या मुळाशी चालणारा प्रोग्राम. तो कुणा एकाचा नाही, जगातला कुणीही त्यात दुरुस्ती सुचवू शकतो. दुरुस्ती ईमेलने पाठवायची, सगळ्यांसमोर. मग अनोळखी माणसं ती ओळ न् ओळ वाचतात आणि चुका काढतात.

आणि चुका तरी कसल्या... ओळ आत सरकवायची ती टॅबचं बटण दाबूनच, स्पेस देऊन नाही. ओळीच्या शेवटी जरा मोकळी जागा राहिली तरी परत. मुलगी बघायला आलेली मंडळीसुद्धा इतकं निरखत नाहीत, असं मी त्याला चिडवायचे.

पण एकदा मान्य झाली की त्या दुरुस्तीबरोबर करणाऱ्याचं नाव कायमचं राहतं.

केदारची दुरुस्ती दोनदा परत आली होती. तपासणारा कुणी परदेशी गृहस्थ, कौतुकाचा एक शब्द नाही. केदार त्यावरही खूश. "नावं ठेवून राहिला म्हणजे वाचून राहिला ना," म्हणायचा. सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवण झालं की तो मागच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसायचा. त्याच्या लॅपटॉपचं टॅबचं बटण ढिलं झालं होतं. दाबलं की दोन आवाज यायचे, एक खाली जाताना आणि एक वर येताना.

टक... टक.

स्वयंपाकघरात ओटा पुसताना मला ते ऐकू यायचं. बटण तुटेल एक दिवस, मी ओरडायचे.

जानेवारीत केदार अमरावतीच्या खोलीवर झोपेतच गेला. हृदय बंद पडलं. यापुढे त्याबद्दल मला लिहिता येत नाही.

एप्रिलमध्ये त्याच्या ईमेलवर त्या परदेशी गृहस्थाचं उत्तर आलं. तिसऱ्यांदा पाठवताय ना? तुमचा मूळ विचार बरोबर आहे, असं त्यात होतं.

शेवटी एक बरा शब्द आला, आणि तो वाचायला केदार नव्हता. मी खूप रडले.

मग ठरवलं, हे मी पूर्ण करायचं. मी घरूनच वेबसाइट बनवायचं काम करते. कर्नलमधलं मला काही कळत नव्हतं, पण केदारचं बरंचसं काम झालेलं होतं. माणूस गेला, त्याचं नाव तरी त्यात जावं, एवढंच मला हवं होतं.

पहिल्या दुपारी मी त्याच्या लॅपटॉपवर काही ओळी लिहिल्या. आमच्या कामात ओळ आत घ्यायला चार स्पेस देतात. हाताला तीच सवय, तशाच दिल्या. झाकण लावलं आणि पुढच्या खोलीत येऊन आडवी झाले. आई भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. कूलर घरघरत होता.

तेवढ्यात लाईन गेली.

कूलर थांबला. घर एकदम गप्प झालं.

आणि मागच्या खोलीतून...

टक... टक.

पाल असेल, असं मी मनाला सांगितलं. पण पाल अशी थांबून थांबून, जरा विचार करून वाजत नाही.

टक... टक.

मी उठले. दाराशी पोचले तसा आवाज बंद झाला. खोलीत कुणी नव्हतं. खुर्ची रिकामी.

लॅपटॉपचं झाकण उघडं होतं.

मी लिहिलेल्या ओळींमधल्या स्पेस गेल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी टॅब होता. एक लांब ओळ मधेच तोडून खाली घेतलेली होती, केदार घ्यायचा तशीच.

एखादी सेटिंग असेल, मी म्हटलं. आम्ही कॉम्प्युटरवाले कशालाही सेटिंग म्हणतो.

दुसऱ्या दुपारी मी लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप लावलं. आवाज आला. कपाट उघडून पाहिलं तर ओळी दुरुस्त झालेल्या.

मी घाबरले, हे कबूल करते. पण पळणार कुठे... घर माझंच होतं आणि नवराही माझाच होता.

मग तसंच होत राहिलं. मी लिहायचे, चुकायचे, दुपारी खोलीतून आवाज यायचा, संध्याकाळी ओळी नीट झालेल्या असायच्या. आईंना मी काही बोलले नाही. त्या दुपारभर झोपून असत. म्हातारं माणूस, उगाच कशाला हाय खाईल, असा माझा विचार.

सगळं तयार झालं. पाठवायच्या दिवशी दुपारी मात्र आवाज थांबेचना.

टक टक. टक टक. टक टक.

मी खोलीत गेले तरीही थांबेना. माझ्या डोळ्यांसमोर बटण खाली जात होतं, वर येत होतं. पडद्यावर मात्र काहीच बदलत नव्हतं. मी एकेक ओळ तपासली. टॅब बरोबर. ओळीच्या शेवटी मोकळी जागा नाही. मग चुकलंय काय?

सगळ्यात वर पाहिलं, तेव्हा चूक सापडली.

लेखक म्हणून माझं नाव होतं. पाठवणारी मी, म्हणून लॅपटॉपमध्ये माझं नाव भरलं होतं. दुरुस्तीची केदारने केलेली जुनी नोंद बाजूला ठेवून मी नवी केली, तेव्हा लॅपटॉपने आपोआप तेच नाव लेखकाच्या जागी लावलं. ज्याच्या नावासाठी हा सगळा खटाटोप, त्याचंच नाव मी पुसून बसले होते.

"मले तुझ्या जागी माझं नाव नाही लावाचं रे," मी मोठ्याने म्हणाले. "तुझंच ठेवते."

लेखकाच्या जागी केदारचं नाव घातलं. खाली त्याची सही, म्हणजे नावाची ओळ, होतीच, तिच्याखाली पाठवणारी म्हणून माझी केली. दुसऱ्याचं काम पुढे पाठवायची तिथली रीतच तशी आहे.

बटण थांबलं.

मी दुरुस्ती पाठवून दिली. काही तासांनी उत्तर आलं. बरोबर आहे, घेतली. खाली त्या गृहस्थाने तपासल्याची स्वतःची सही केली होती.

त्याच संध्याकाळी मी दुरुस्त कर्नल आईंच्या लॅपटॉपवर टाकला. झाकण लावलं, उघडलं. आवाज तपासायला केदारने स्वतःचाच एक छोटा व्हिडिओ करून ठेवला होता, तो लावला. आजवर त्यात नुसते ओठ हलायचे.

"आई, आवाज येते का तुले?"

खोलीभर केदारचा आवाज घुमला. आईंनी पदर तोंडाला लावला.

"हो रे बाबू," त्या म्हणाल्या. "येते."

दुसऱ्या दुपारी मागची खोली शांत होती. तिसऱ्या दुपारीही. मला वाटलं, सुटला बिचारा. मला हलकंसुद्धा वाटलं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी चहा देताना आई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "केदार आला नाही वो दोन दिवस झाले."

मी कप त्यांच्यासमोर ठेवला.

"मी काही झोपून नसो दुपारची. त्याचं टकटक ऐकत पडून राहो. तू उठून जाय, तो थांबे, मले राग ये तुह्या." त्यांनी कप बाजूला सारला. "काहून पुरं केलं वो पोरी तू?"

मी त्याचं नाव राहावं म्हणून धडपडले, आणि त्या नावापायी आईंचा लेक दुसऱ्यांदा घरातून गेला.

रात्री त्यांनी विचारलं, त्यात आता एकही चूक उरली नाही का. मी नाही म्हटलं. मग म्हणाल्या, एखादी नवी कर ना.

तेव्हापासून मी रोज दुपारी केदारच्या लॅपटॉपवर चुकीचं लिहून ठेवते. कुणालाही न पाठवायच्या ओळी, टॅबच्या जागी चार स्पेस. मग आम्ही दोघी पुढच्या खोलीत बसतो. ऐकू यावं म्हणून कूलर बंद ठेवतो. घाम पायापर्यंत येतो, पण आई उठत नाहीत. शेजारच्यांना वाटतं आमचा कूलर बिघडलाय. मेकॅनिकचा नंबरसुद्धा देऊन गेले.

रोज संध्याकाळी जाऊन बघते. स्पेस तशाच असतात.

काल मात्र... एक ओळ दुरुस्त झालेली होती. चार स्पेसच्या जागी टॅब.

मला आवाज आला नव्हता. बसल्या बसल्या डोळा लागला होता. गेल्या आठवड्यात आईंनी मला विचारलं होतं, ते वाजणारं बटण कोणतं वो. मी दाखवलं होतं.

कदाचित त्यांनीच केलं असेल, माझ्यासाठी. पण खालची लांब ओळसुद्धा तोडलेली होती, आणि ती कुठे तोडायची हे मी आईंना कधी दाखवलं नव्हतं.

मी त्यांना विचारलं नाही. आईंनी केलं असेल तर मला रडू येतं. केदारने केलं असेल तर भीती वाटते.

आज जेवण झाल्यावर मी पुन्हा चार स्पेस देऊन ठेवल्या आहेत. आईंनी कूलर बंद केला आहे.